रात्री दोनचा गजर

डॉक्टर ताई, सप्रेम नमस्कार.

माझे यजमान ३८ वर्षांचे, एसटीत चालक आहेत. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. तीन वर्षांपासून शिमग्याच्या आगेमागे यांना एक त्रास सुरू होतो. साडेदहाला झोपलेला माणूस दोनच्या सुमारास ताडकन उठतो. उजव्या डोळ्यामागे कुणी गिरमिट घालून फिरवतंय असं म्हणतात. डोळा लालभडक होतो, पाणी गळतं, उजवी नाकपुडी वाहते, पापणी खाली येते. झोपून राहत नाहीत. अंगणात येरझाऱ्या घालतात, कपाळ भिंतीवर आपटतात, हात लावला तर अंगावर येतात. तास-सव्वा तासाने सगळं ओसरतं आणि सकाळी माणूस ठणठणीत. दुपारी डुलकी लागली तर कधी कधी तेव्हाही तेच. दीड-दोन महिने असं चालतं, मग वर्षभर नाव नाही.

पहिल्या वर्षी सायनस म्हणून औषधं झाली. गेल्या वर्षी वरची दाढ काढली आणि आठवड्याभरात थांबलं, आम्हाला वाटलं सुटलो. यंदा परत सुरू. आता शेजारची दाढ काढायचं ठरलंय. सीटी स्कॅन नॉर्मल आला, त्यामुळे घरचे म्हणतात दुखणं मनाचं आहे. सासूबाई म्हणतात होळीच्या रात्री काहीतरी ओलांडलं. डेपोत लाल डोळा बघून म्हणतात पिऊन आला. हे कधीमधी घेतात, पण या दिवसांत घेतली की तासाभरात दुखतं म्हणून स्वतःच बंद केली आहे. परवा रात्री म्हणाले, "विहीर जवळ आहे." तेव्हापासून मला झोप नाही. हे खरं दुखणं आहे, नाटक आहे की वेड, एवढं सांगा.

एक भगिनी, सातारा जिल्हा

ताई,

दुखणं खरं आहे. बाकीचं सगळं सांगते, पण आधी विहिरीचं.

ते वाक्य वेदनेच्या भरात निघालं असेल, तरी सोडून देऊ नका. मला ज्या दुखण्याचा संशय आहे, त्याला इंग्रजीत जे टोपणनाव पडलंय त्यात आत्महत्या हा शब्दच आहे. त्यावरून ते किती असह्य असतं ते समजा. दिवसा, डोकं शांत असताना, दोघंच असताना सरळ विचारा: "मरायचे विचार येतात का? काही ठरवलंय का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं खाली ठेवायला माणसाला जागा मिळते. उत्तर "हो" आलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. तुम्हालाही तिथे बोलता येईल. विहिरीकडचं दार रात्री कुलूपबंद ठेवा. घरात फवारणीचं औषध असेल तर ते आजच दुसऱ्याच्या घरी पोचवा. रात्री ते अंगणात गेले की घरातलं कुणीतरी एक मोठं माणूस जरा अंतर राखून जागं राहू दे.

आता दुखण्याचं.

तुमच्या पत्रातलं वर्णन क्लस्टर डोकेदुखीचं दिसतं. पत्र वाचून निदान पक्कं करता येत नाही, माणूस समोर बसवून तपासावा लागतो, हे खरंच. पण तीस वर्षं दवाखाना चालवल्यावर सांगते, इतकं नेमकं वर्णन रुग्ण स्वतःसुद्धा क्वचित देतो. क्लस्टर म्हणजे घोस. झटके सुटे येत नाहीत, घोसाने येतात: काही आठवडे रोज, मग महिनोन्‌महिने काही नाही, मग पुन्हा घोस. हे नाव १९५२ पासूनचं, दुखणं मात्र जुनं. ॲमस्टरडॅमच्या निकोलास टुल्प या डॉक्टरांनी १६४१ साली छापलेल्या पुस्तकात अशा एका रुग्णाची हकिगत लिहून ठेवली आहे. उन्हाळा लागायच्या सुमारास सुरू होणारं, रोज ठरल्या वेळी येणारं आणि दोन तासांच्या आत जाणारं भयंकर डोकं दुखणं. तुमच्या शिमग्याची आठवण होते की नाही?

तुमच्या घरच्यांना ज्या गोष्टीमुळे हे नाटक वाटतंय, तीच गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. येरझाऱ्या. अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा रुग्ण आठवा. तो खोलीत अंधार करून, डोक्याला फडकं बांधून पडून राहतो. हललं की त्याचं दुखणं वाढतं, भांड्याचा आवाजही नको होतो, मळमळतं आणि हे चार तासांपासून थेट तीन दिवसांपर्यंत चालू शकतं. क्लस्टरचा रुग्ण पडूच शकत नाही. तो फेऱ्या मारतो, खुर्चीत पुढेमागे झुलतो, डोकं दाबतो, आपटतो, ओरडतो, गार हवेत पळतो. ही अस्वस्थता निदानाच्या निकषांत लिहिलेली आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात डोळ्याच्या पाण्याच्या बरोबरीने ती नोंदवतात. त्यामुळे "खरंच दुखत असतं तर पडून राहिला असता" हा युक्तिवाद इथे उलटा पडतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी सोळाशेहून जास्त क्लस्टर रुग्णांना आयुष्यातल्या वेदनांना दहापैकी गुण द्यायला सांगितले होते. क्लस्टरला सरासरी ९.७ मिळाले. त्यांच्यातल्या ज्या बायकांनी बाळंतपण सोसलं होतं, त्यांनी बाळंतवेणांना ७.२ दिले. हे सासूबाईंना सांगून बघा. ज्यांनी घरी बाळंतपणं काढली आहेत त्यांना हा आकडा माझ्यापेक्षा चांगला कळेल.

बाकीच्या खुणाही पत्रात जागच्या जागी आहेत. दुखणं एकाच बाजूचं, डोळ्याच्या मागे, भुवईवर किंवा कानशिलात. औषध न घेता पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकणारं. दिवसाआड एक ते दिवसाला आठ, इतक्या वेळा येणारं. आणि त्याच बाजूचा डोळा लाल, पाणी, नाक बंद किंवा वाहतं, पापणी सुजलेली किंवा उतरलेली, बाहुली बारीक, कपाळावर घाम. यातलं सगळंच प्रत्येकाला होत नाही. हजारात साधारण एकाला हे दुखणं असतं, म्हणजे तुमच्या तालुक्यातही शंभरेक माणसं सहज निघतील. पुरुषांत जास्त, बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होणारं. बायकांनाही होतं, पण "बाईचं डोकं दुखतं" म्हटलं की डॉक्टरसुद्धा डोळे झाकून अर्धशिशी लिहितात, त्यामुळे त्यांचं निदान आणखी रखडतं.

डोळा आणि नाक का वाहतं? चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस आहे, ट्रायजेमिनल. तिची वरची फांदी डोळ्याच्या आणि कपाळाच्या भागातून जाते. ती भडकली की तिथूनच एक उलटा हुकूम सुटतो आणि अश्रूंच्या, नाकाच्या ग्रंथी कामाला लागतात. म्हणजे नाक वाहतंय म्हणून डोकं दुखत नाही; डोकं दुखतंय म्हणून नाक वाहतंय. सायनसची फसगत इथेच होते.

आणि दोनच का? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. झोप, भूक, अंगाचं तापमान, दिवस-रात्रीचा आणि ऋतूंचा हिशेब तिथे चालतो. लंडनमध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ रुग्णांचे मेंदू झटका चालू असताना पेट स्कॅनने, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या स्कॅनने, पाहिले गेले, आणि नेमका हाच भाग पेटलेला दिसला. त्यामुळे झटका घड्याळ लावल्यासारखा येतो, पुष्कळदा झोप लागल्यानंतर तास-दोन तासांनी, आणि घोस वर्षाच्या ठरावीक दिवसांत. शिमगा दोषी नाही, शिमग्याच्या वेळचा ऋतू मात्र त्यांच्या मेंदूतल्या घड्याळाला माहीत आहे. दुपारच्या डुलकीनंतरचा झटकाही त्याच हिशेबातला.

आता दाढ. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात माझाही हात पोळलेला आहे.

दवाखाना सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षी एक तरुण शिक्षक यायचे. एक डोळा पाणावलेला, नाक चोंदलेलं, गालाच्या हाडावर दुखतंय. मी सायनस म्हटलं, प्रतिजैविकं दिली, वाफ सांगितली. तीन आठवड्यांत बरे झाले, पेढे घेऊन आले. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा आले, मी तीच औषधं दिली, पुन्हा बरे झाले, पुन्हा पेढे. तिसऱ्या वर्षी त्यांची बायको बरोबर आली आणि म्हणाली, "बाई, हे रात्री डोकं जात्याच्या खुंट्यावर आपटतात." तेव्हा मी पेन खाली ठेवलं. दोन वर्षांत "रात्री काय करता?" हे मी एकदाही विचारलं नव्हतं. औषधाने काहीच केलं नव्हतं. घोस आपल्या मुदतीने संपला होता आणि पेढे मी खाल्ले होते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, त्यातलाच हा प्रकार. हे दुखणं आपल्या आपण थांबतं, त्यामुळे थांबायच्या आधी जे शेवटचं केलेलं असतं त्याला श्रेय जातं: दाढ, नाकाचं ऑपरेशन, चष्म्याचा नंबर, अंगारा, नवस, अगदी माझ्यासारख्या डॉक्टरची गोळीही. तुमच्या यजमानांची दाढ काढली ती बहुधा घोसाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात. थांबायची वेळ आलीच होती. जगभरच्या क्लस्टर रुग्णांच्या कहाण्यांत बिनकारण काढलेले दात ढिगाने सापडतात, कारण वेदना वरच्या जबड्यात उतरते आणि माणूस स्वतःच "हीच दाढ" म्हणून बोट ठेवतो. दातांच्या डॉक्टरांनाही दोष देऊ नका. त्यांच्यासमोर सकाळी ठणठणीत माणूस बसतो. किडलेली दाढ मात्र रोज रात्री दोनला सुरू होऊन सव्वातीनला थांबत नाही. गरम-गार लागलं की, चावलं की दुखते.

सीटी स्कॅन नॉर्मल आला हे चांगलंच आहे, पण त्यावरून "मनाचं" हा निष्कर्ष काढू नका. क्लस्टर डोकेदुखी स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन काढतात तो दुसरं काही नाही ना हे पाहायला. मेंदूविकारतज्ज्ञ बहुधा एकदा एमआरआय सांगतील, कारण पिट्यूटरी ग्रंथीजवळची गाठ क्वचित असंच सोंग घेते. डोळ्याच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा दाबही एकदा मोजून घ्या. काचबिंदूचा तीव्र झटकाही डोळा लाल करून डोकं फोडतो, पण त्यात दृष्टी धुरकट होते, दिव्याभोवती वलयं दिसतात आणि तो असा घड्याळ बघून जात नाही. क्लस्टरची एक सख्खी बहीणही आहे. तिचे झटके आखूड असतात, दिवसाला पाचाहून जास्त येतात, आणि इंडोमेथॅसिन या एकाच औषधाने ते पूर्ण थांबतात. म्हणून मिनिटं मोजणं महत्त्वाचं, ते पुढे सांगते.

उपचाराचे दोन भाग आहेत. आलेला झटका मोडायचा, आणि घोस आवरायचा.

झटका मोडायला सर्वांत निर्धोक औषध म्हणजे ऑक्सिजन. हो, करोनात ज्याच्यासाठी आपण सगळे धावलो तोच. शुद्ध ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवी असलेल्या मास्कमधून, बसून किंचित पुढे वाकून, पंधरा-वीस मिनिटं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत असा ऑक्सिजन घेतलेल्यांपैकी ७८ टक्के झटके पंधरा मिनिटांत थांबले किंवा पुरेसे उतरले. नुसती हवा दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. नाकातल्या दोन नळ्यांनी दोन लिटर लावून "ऑक्सिजनने काही झालं नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रवाह कमी आणि मास्क चुकीचा, तर फरक पडणार कसा? करोनात घेतलेलं पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर असेल तर ते इथे कमीच पडतं, सिलिंडरच लागतो. रुग्णवाहिकेत दिसतो तो बी टाइप सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचा असतो. मिनिटाला १२ लिटरने एका झटक्याला १८० ते २४० लिटर धरले तर सहा ते आठ झटके निघतात, म्हणजे रोज एक झटका असेल तर आठवड्याला एक सिलिंडर. भाड्याने मिळतो. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर प्रवाह, मास्कचा प्रकार आणि वेळ लिहून घ्या, नाहीतर दुकानदार दम्याचा मास्क हातात देईल. खोलीत बिडी-सिगारेट, देवघरातला दिवा, चूल, गॅस काही पेटतं नको. सिलिंडरच्या तोंडाला तेलाचा हात लावू नका, आणि तो साखळीने भिंतीला बांधून ठेवा. यजमानांना फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

दुसरं औषध सुमाट्रिप्टान, तेही मांडीत किंवा दंडावर कातडीखाली टोचायचं इंजेक्शन. दहा-पंधरा मिनिटांत काम करतं. ट्रिप्टानचा नाकात मारायचा फवाराही असतो, तो जरा सावकाश चालतो. हेच औषध गोळी म्हणून तोंडाने घेतलं तर ती पोटात विरघळेपर्यंत झटका निम्मा होऊन गेलेला असतो. हृदयविकार असेल, किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर मात्र हे औषध चालत नाही, म्हणून तपासणीशिवाय दुकानातून आणू नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम यांचा इथे उपयोग नाही. रोज खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडतील ते वेगळं. आणि छातीच्या दुखण्याला जिभेखाली ठेवायची गोळी कुणी हौसेने "रक्त मोकळं होईल" म्हणून दिली तर अजिबात घेऊ देऊ नका. नायट्रेटचं औषध झटका ओढवून आणतं. वर सांगितलेल्या लंडनच्या अभ्यासात झटका मुद्दाम आणायला नायट्रोग्लिसरीनच वापरलं होतं.

घोस आवरायला व्हेरापामिल हे मुख्य औषध आहे. मूळचं रक्तदाबाचं आणि हृदयाचं. हळूहळू वाढवायचं असतं आणि सुरू करण्यापूर्वी, तसंच प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर ईसीजी काढायचा असतो, कारण हृदयातली विद्युतवाट ते मंदावू शकतं. बद्धकोष्ठ होतं, कधी पाय सुजतात. त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळासाठी डॉक्टर स्टिरॉईडच्या गोळ्या उतरत्या क्रमाने देतात, किंवा दुखऱ्या बाजूला डोक्याच्या मागे, मान जिथे सुरू होते तिथल्या नसेपाशी एक इंजेक्शन देतात. स्टिरॉईडने पहिल्या दोन-तीन दिवसांत बरं वाटतं आणि मग ते सुटत नाही, हे मी गावात पाहिलंय. मेडिकलवाल्याच्या ओळखीने चालू ठेवू नका. व्हेरापामिलने भागलं नाही तर लिथियम, टोपिरामेट अशी औषधं आहेत. घोस संपला की औषध डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवून बंद करायचं आणि पुढच्या वर्षी पहिला झटका येताच, दुसऱ्याची वाट न पाहता, दाखवायला जायचं. यंदा कष्ट आहेत, पण पुढच्या माघात तुम्ही तयारीत असाल, हा खरा फायदा.

दारू त्यांनी स्वतःहून बंद केली यात त्यांचं निरीक्षण दिसतं. घोसाच्या दिवसांत एखादा पेगसुद्धा तासाभरात झटका आणतो, घोस नसताना तीच दारू डोक्याला काही करत नाही. दारू पिणारा माणूस एरवी सवलत शोधतो, हे स्वतःच थांबलेत! डेपोतल्यांना हे सांगण्यात अर्थ नाही, पण डेपो मॅनेजरला सांगण्यात आहे. मेंदूविकारतज्ज्ञांचं निदान लिहिलेलं प्रमाणपत्र हातात आलं की ते घेऊन दोघं जा. लाल डोळ्याचं उत्तर त्या कागदात असेल. आणि एक अप्रिय गोष्ट: घोस चालू आहे तोवर त्यांनी स्टिअरिंगवर बसू नये. झटका पाच-दहा मिनिटांत शिखराला जातो, एक डोळा मिटलेला, आणि मागे पन्नास माणसं. नवीन औषधांनी सुरुवातीला चक्करही येते. हलकं काम किंवा रजा मागा. चालक आजार लपवतात, का लपवतात तेही मला कळतं, पण हा लपवण्यातला नाही. बिडी-सिगारेट असेल तर सोडायला सांगा. त्याने घोस थांबेल असं वचन देत नाही, पण व्हेरापामिल आणि सुमाट्रिप्टान ज्या हृदयाच्या भरवशावर द्यायची, ते तरी जपलं जाईल.

सासूबाईंशी वाद घालू नका. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितलेत, त्यात सूर्याबरोबर चढणारा सूर्यावर्त आहे, अर्धं डोकं फोडणारा अर्धावभेदक आहे. यातला अमुक म्हणजेच क्लस्टर असं मी म्हणणार नाही. पण वेळ पाळून येणारं डोकं दुखणं हा आजार असतो, हे आपल्या जुन्या वैद्यांनीही लिहून ठेवलंय, एवढं त्यांना सांगता येईल. दृष्ट काढायची तर काढू द्या. धूप-उदबत्तीचा धूर मात्र त्यांच्या खोलीत नको, उग्र वासाने काहींचा झटका उठतो. आणि सिलिंडर आल्यावर तर नकोच नको.

आज रात्रीपासून काय करायचं ते सांगते. झटका आला की त्यांना धरू नका, झोपवू नका, बाम चोळू नका. ज्या भिंतीवर डोकं आपटतात तिथे जुनी गादी उभी करून बांधा. गार पाण्याचा पंचा हाताशी ठेवा, नको म्हणाले तर राहू द्या. अंगावर येतात ते तुमच्यावर नाही. नंतर त्यांना लाज वाटत असते, त्याबद्दल सकाळी विषय काढू नका. मुलांना दिवसा एकदा सांगा, "बाबांचं डोकं फार दुखतं, तासाभरात थांबतं, त्यांना वेड लागलेलं नाही." मुलं तेवढ्यावर पुष्कळ सावरतात. त्यांना पुढे हे होईल का, असं मनात आलं असेल तर: काही घराण्यांत चालतं, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही.

एक शंभर पानी वही घ्या. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, बाजू, डोळा-नाक, त्या दिवशीची झोप आणि ड्युटी, काय औषध दिलं आणि किती मिनिटांनी फरक पडला. गेल्या दोन वर्षांचं आठवेल तेवढं पहिल्या पानावर. आणि दिवसा त्यांची परवानगी घेऊन एका रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करा, चेहरा आणि चालणं दोन्ही दिसेल असं. लाजू नका. डॉक्टरसमोर सकाळी अकराला बसलेला माणूस आणि रात्री दोनचा माणूस वेगळे असतात, आणि दुसरा आम्हाला कधीच भेटत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ साताऱ्यात, कोल्हापुरात, पुण्यात मिळतील. गावातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जा म्हणजे पुढची औषधं आणि ईसीजी जवळ करता येतील.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र वही-बिही बाजूला ठेवून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या: वीज पडल्यासारखं एका क्षणात शिखराला गेलेलं, नेहमीपेक्षा निराळं डोकं दुखणं, बरोबर ताप किंवा मान आखडणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, फिट येणं, नजर कमी होणं, किंवा झटका गेल्यावरही पापणी उतरलेलीच राहणं, तेही मान दुखत असताना.

तुम्ही विचारलंत नाटक की वेड. ज्या बाईने अंधारात उभं राहून कुठला डोळा, कुठली नाकपुडी आणि किती वेळ हे सगळं टिपलं, तिला उत्तर निम्मं माहीतच होतं असं मला वाटतं.

शेजारची दाढ काढायची वेळ पुढे ढकलून घ्या. दातांच्या डॉक्टरांना हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल. ते समजून घेतील. आणि त्या दिवशी रजा टाकलेलीच असेल, तर तीच मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला वापरा. जाताना वही, मोबाइल आणि जुने सगळे कागद बरोबर न्या. दाढेचा एक्स-रेसुद्धा.